नगर परिषद आणि नागरिक यांच्यातील संवाद : कोकण किनाऱ्यावरील शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरची आपली शहरे लहान आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ७६ हजार, चिपळूणची सुमारे ५५ हजार आणि मालवणची १९ हजारांच्या आत होती. एवढ्याशा शहरात नगरसेवक बाजारात भेटतात, मुख्याधिकाऱ्यांची गाडी शाळकरी मुलेही ओळखतात, आणि तरीही पाणी का आले नाही, गटाराचे काम कोणी थांबवले, घरपट्टी कशामुळे वाढली, याचे उत्तर महिनोन्‌महिने मिळत नाही. ओळख पुष्कळ आहे, उत्तर मात्र नाही. गेली काही वर्षे मी आमच्या आळीतल्या लोकांना अर्ज लिहून देतो. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. शेवटाकडचे एक-दोन प्रश्न नगर परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे आहेत, कारण अडचण टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे.

नेमके कोणाकडे जायचे : नगराध्यक्षांकडे, नगरसेवकांकडे की मुख्याधिकाऱ्यांकडे?

नगर परिषद व नगरपंचायत यांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. धोरण आणि खर्चाची मंजुरी निवडून आलेल्या सभेकडे असते. अंमलबजावणी राज्य शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांकडे असते. म्हणून जी सेवा आधीच चालू आहे आणि बिघडली आहे, म्हणजे कचऱ्याची गाडी येत नाही, पाखाडीवरचा (पायऱ्यांच्या वाटेवरचा) दिवा बंद आहे, जलवाहिनी गळते आहे, त्यासाठी थेट कार्यालयातल्या संबंधित विभागाला मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा. जी गोष्ट नव्याने व्हायला हवी, म्हणजे नवे गटार, मासळी बाजारासाठी छप्पर, स्मशानाकडे जाणारा रस्ता, तिच्यासाठी प्रभागाच्या नगरसेवकांना लेखी द्यावे, कारण तिला सभेची मंजुरी आणि अंदाजपत्रकातली तरतूद दोन्ही लागतात.

आणखी एक तपासून घ्यावे. मुंबई-गोवा महामार्गावरचा खड्डा नगर परिषद बुजवत नाही, विजेचा वाकलेला खांब महावितरणचा असतो, आणि जेटीचा प्रश्न महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जातो. चुकीच्या दारात दिलेला अर्ज योग्य दारात पाठवला जाईलच, या भरवशावर राहू नये.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होत असे. नगरपंचायत झाल्यावर आम्ही बोलायचे कुठे?

गुहागर, लांजा, मंडणगड, देवगड-जामसंडे अशा ठिकाणी हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी योग्य आहे. ग्रामसभेत मतदार असलेला कोणीही उभा राहून सरपंचांना हिशोब विचारू शकत होता. नगरपंचायत झाल्यावर ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात तशी दुसरी जागा मिळाली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, प्रभाग समित्यांची सोय केली आहे. परंतु ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी बंधनकारक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत एकही महानगरपालिका नाही, तेव्हा तीन लाखांची अट आपल्याकडे कोणालाच लागू होत नाही.

तथापि बंधन नाही, याचा अर्थ मनाई आहे असा नाही. नगरसेवकांनी वर्षातून दोनदा, एकदा अंदाजपत्रकाआधी आणि एकदा पावसाळ्याआधी, आपल्या प्रभागातल्या लोकांना शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात बोलवावे, विभागप्रमुखांनी तेथे यावे आणि जे ठरेल ते लिहून ठेवावे, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. राज्यातल्या अनेक नगर परिषदांवर २०२१ च्या अखेरीपासून प्रशासक होते आणि बहुतेक ठिकाणचे मतदान थेट २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. जवळजवळ चार वर्षे सभागृहात निवडून आलेला माणूस नव्हता. त्या काळात लोकांची विचारण्याची सवय मोडली, असे माझे मत आहे, आणि ती पुन्हा लावून घेण्यासाठी प्रभाग सभेइतके सोपे साधन मला दुसरे दिसत नाही.

तोंडी सांगितले तर काम होत नाही का?

कधी कधी होते, आणि लवकरही होते. परंतु झाले नाही तर हाती काहीच उरत नाही.

आमच्या घरामागून एक पऱ्या वाहतो. त्यावरच्या मोरीत प्लास्टिक आणि झावळ्या अडकून दर पावसाळ्यात पाणी तीन घरांच्या पडवीत येत असे. सलग दोन वर्षे आम्ही मे महिन्यात तोंडी सांगत राहिलो, प्रत्येक वेळी ‘करून घेतो’ असे उत्तर मिळाले, आणि प्रत्येक मृगात पाणी पडवीत आले. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये अर्ज लिहिला. मोरी कोणत्या दोन घरांच्या मध्ये आहे याचा हाताने काढलेला नकाशा, आदल्या वर्षीचे दोन फोटो आणि तिन्ही घरमालकांच्या सह्या त्यासोबत जोडल्या. आवक क्रमांक घेतला. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र दिले. मोरी मेच्या शेवटच्या आठवड्यात साफ झाली. काम करणाऱ्या मुकादमाने सांगितले की नालेसफाईच्या यादीत ही मोरी कधी नव्हतीच. कार्यालयाच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती. म्हणजे दोन वर्षे कोणी मुद्दाम टाळत होते असे नाही. आमचे बोलणे कागदावर उतरलेच नव्हते.

अर्जात काय लिहावे?

एका अर्जात एकच विषय असावा. ठिकाण अनोळखी माणसालाही सापडेल असे लिहावे : ‘आमच्या आळीत’ एवढे पुरत नाही, ‘राममंदिराकडून बंदराकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या तिसऱ्या वळणावर, चिऱ्याच्या गडग्यालगत’ हे पुरते. अडचण केव्हापासून आहे, कोणाला होते आणि नेमके काय करून हवे आहे, हे तीन-चार वाक्यांत यावे. राग असला तरी तो अर्जात उतरवू नये. वाचणारा कर्मचारी बहुधा त्या अडचणीला जबाबदार नसतो आणि तोच तुमचा कागद पुढे नेणार असतो. दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा.

अर्ज दिला, पोच आहे, पण उत्तर नाही. पुढे काय?

मागणी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. प्रत्येक सेवेची मुदत, ती देणारा अधिकारी आणि अपील ऐकणारा अधिकारी यांची नावे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील असते. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरूनही असे अर्ज करता येतात.

रस्ता, गटार, दिवा अशा तक्रारी मात्र या कायद्यात बसतीलच असे नाही. त्यांच्यासाठी स्मरणपत्र, मुख्याधिकाऱ्यांची भेट आणि मग लोकशाही दिन (अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडण्याचा महिन्यातला ठरलेला दिवस), या क्रमाने जावे.

लोकशाही दिनाचा उपयोग होतो का?

होतो, पण तयारीने गेलेल्याला. तालुका पातळीवर तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्या सोमवारी असतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायालयात चालू असलेली प्रकरणे घेतली जात नाहीत. आधीच्या अर्जांच्या पोच जोडलेल्या असतील तर चर्चा ‘तक्रार खरी आहे का’ येथून सुरू न होता ‘अजून का झाले नाही’ येथून सुरू होते.

माहितीचा अधिकार वापरला तर अधिकारी नाराज होतील का?

होतील कदाचित, आणि लहान शहरात ही भीती खरी असते, कारण तोच माणूस उद्या लग्नात शेजारच्या पानावर बसलेला असतो. तरीही माहिती मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे. २००५ च्या कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

या कायद्याचे कलम ४ फार कमी वाचले जाते. त्यानुसार कार्यालयाने कोणी न मागताच सतरा बाबींची माहिती स्वतः जाहीर करायची असते; अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी हे सारे त्यात येते. रस्त्याच्या कामाच्या जागी रक्कम, ठेकेदार, कामाची मुदत आणि दोषदायित्वाचा काळ (ज्या काळात काम बिघडले तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचे तो) सांगणारा फलक असेल तर माहिती अधिकाराचे निम्मे अर्ज येणारच नाहीत. कर्मचाऱ्यांना अर्जांचा त्रास होतो हे मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय त्यांच्याच हातात आहे.

सर्वसाधारण सभेला नागरिक बसू शकतो का?

साधारणपणे सभा जनतेसाठी खुली असते. बोलण्याचा अधिकार मात्र नसतो. सभेचे इतिवृत्त मागता येते.

पाणी बंद राहणार, रस्ता बंद होणार, हे आम्हांला आधी कळतच नाही. नोटीस लावली होती असे कार्यालय म्हणते.

नोटीस लागलेली असते. वाचून काही कळत नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याकडची नेहमीची भाषा पाहा : ‘तांत्रिक कारणास्तव शहरातील काही भागांचा पाणीपुरवठा पुढील सूचना मिळेपर्यंत अनियमित व कमी दाबाने होईल, तरी नागरिकांनी सहकार्य करावे.’ या एका वाक्यात कोणता भाग, किती दिवस, कशामुळे आणि तोवर पाणी कुठून आणायचे, यांपैकी एकही गोष्ट नाही. सहकार्य मागितले आहे, पण कशाचे तेही सांगितलेले नाही.

हीच नोटीस अशी लिहिता येते : ‘मुख्य जलवाहिनी फुटली आहे. वरची आळी, बंदर रस्ता आणि बाजारपेठ येथे मंगळवारी व बुधवारी पाणी येणार नाही. मंगळवारी दुपारी चार वाजता पिंपळाच्या पाराजवळ टँकर उभा राहील. गुरुवारी सकाळी सहाला पाणी सोडण्याचा प्रयत्न आहे. न आल्यास पाणीपुरवठा विभागाच्या खाली दिलेल्या क्रमांकावर कळवावे.’ हे लिहायला पाच मिनिटे जास्त लागतात आणि दोनशे फोन वाचतात. स्थानिक प्राधिकरणांनी मराठीत कारभार करावा असा राज्याचा २०२२ चा कायदा आहे. पण ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘तद्‌नुषंगाने’ यांनी भरलेली मराठी मासळी विकणाऱ्या बाईला परकीच वाटते.

नोटीस कोठे लावायची, हाही विचार करावा. कार्यालयाच्या फलकावरचा कागद कार्यालयात आलेल्यालाच दिसतो. एसटी स्थानक, रेशन दुकान, मासळी बाजार, दवाखाना आणि रिक्षा थांबा येथे सारे शहर आठवड्यातून एकदा तरी येऊन जाते.

व्हॉट्सॲप गट पुरेसा नाही का?

सूचना पोहोचवण्यासाठी तो चांगला आहे, तक्रार नोंदवण्यासाठी नाही. सुप्रभातीच्या फुलांखाली गळतीचा फोटो दोन तासांत वाहून जातो, त्याला क्रमांक नसतो आणि गटातून काढून टाकलेल्या माणसाला दादही मागता येत नाही. गटात फक्त कार्यालयाने लिहावे आणि तक्रारीसाठी आवक क्रमांक देणारी वेगळी सोय ठेवावी.

वादळ किंवा पूर आला तर संपर्क कसा राहणार?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली, मंडणगडपर्यंत विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले. वीज कित्येक ठिकाणी काही आठवडे नव्हती. ज्या दिवशी संदेशाची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी मोबाइल मुका झाला. म्हणून प्रत्येक शहरात विजेविना चालणारी व्यवस्था ठरलेली असली पाहिजे : बॅटरीवरचा ध्वनिवर्धक लावलेली रिक्षा, देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, प्रत्येक आळीतली दोन ठरलेली माणसे, आणि दिवसातून दोनदा ठरल्या वेळी खडूने माहिती लिहिला जाणारा एक फळा. हे मे महिन्यातच ठरवावे आणि एकदा करून पाहावे.

पुराच्या इशाऱ्याचीही तीच गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्याने कोणाला घर सोडायचे ते कळत नाही. लोक पाणी मीटरमध्ये मोजत नाहीत. ते २००५ च्या २६ जुलैच्या पुराशी ताडून पाहतात. इशाऱ्यात ओळखीची खूण हवी : अमक्या पुलाच्या या पायरीला पाणी लागले की या गल्लीतल्या लोकांनी तळमजला सोडावा, आणि भरती अमक्या वाजता आहे. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, हेही लोकांना नकाशासमोर उभे करून समजावून सांगावे लागते. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या नागरिकांनी साखळी उपोषण केले आणि त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याला वेग आला. लोकांना नदी कळते. त्यांना विचारायला उपोषणाची वेळ येऊ देऊ नये.

आम्ही मुंबईला असतो. घर बंद असते. आमचे म्हणणे कोण ऐकणार?

चाकरमान्यांची ही अडचण मोठी आहे. घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस बंद दाराला चिकटवली जाते, पावसात गळून पडते, आणि हरकतीची मुदत संपल्यावर गणपतीला आलेल्या मालकाला वाढलेली रक्कम दिसते. कर विभागात जाऊन मुंबईचा पत्ता व मोबाइल क्रमांक लेखी नोंदवावा, आणि शेजारी राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र द्यावे. नगर परिषदेनेही गणेशोत्सवात आणि शिमग्यात दोन दिवस करविषयक शिबिर ठेवावे. वर्षभर बंद असलेली दारे त्याच दिवसांत उघडी असतात.

विकास आराखड्यात आमच्या परड्यावर आरक्षण पडले आहे, असे ऐकले. काय करावे?

ऐकीव माहितीवर थांबू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत सूचनेतच दिलेली असते. आपला भूमापन क्रमांक घेऊन नकाशा प्रत्यक्ष पाहावा, हरकत लेखी द्यावी आणि नियोजन समितीपुढे सुनावणी मागावी. मोघम विरोधापेक्षा पर्यायी जागा सुचवणारी हरकत अधिक गांभीर्याने घेतली जाते. समुद्रालगतच्या जागांना २०१९ ची सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनाही लागू असते.

(कर्मचाऱ्यांकडून) आम्ही बैठक बोलावतो, लोकच येत नाहीत. मग काय करावे?

बैठक किती वाजता ठेवली होती, हे आधी पाहावे. सकाळी अकरा वाजता मासळी विकणाऱ्या बायका बाजारात असतात आणि नोकरदार कार्यालयात. मच्छीमारांशी बोलायचे तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर असताना, त्यांच्या वाडीत जावे. एरवी भरती-ओहोटी पाहून वेळ ठरवावी. बायकांसाठी बचत गटाच्या सभेचा दिवस धरावा. वेंगुर्ल्यात कचरा वर्गीकरण रुजले त्यामागे कचरा प्रकल्पाची जागाच लोकांना येऊन पाहण्याजोगी केली गेली, हेही एक कारण मला वाटते. डोळ्यांनी पाहिलेले भाषणापेक्षा लवकर पटते.

आणि मागच्या बैठकीत लोकांनी जे सांगितले त्याचे काय झाले, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगावे. लोक न येण्याचे सर्वांत मोठे कारण तेथे असते.

(कर्मचाऱ्यांकडून) मागणी मान्य करता येत नसेल तर उत्तर देऊन वाद कशाला ओढवून घ्यायचा?

नकार कारणासह लिहून दिला तर वाद कमीच होतो. आमच्या पाखाडीवर दिवा मागितला तेव्हा कार्यालयाने वीस दिवसांत चार ओळींचे पत्र पाठवले : खांब उभारण्याची जागा खाजगी आहे, मालकाचे संमतिपत्र नसल्यामुळे काम करता येत नाही, संमतिपत्र मिळाल्यास पुढील टप्प्यात विचार करू. खाली अभियंत्यांची सही आणि तारीख होती. ते पत्र घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. ते ठाण्याला राहतात. दिवाळीत आले तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी संमतिपत्रावर सही केली आणि आम्ही ते मूळ पत्राच्या क्रमांकासह कार्यालयात दिले. माघ महिन्यात पाखाडीवर दिवा लागला.